नाव संताचे, काम आपले



एका दिवंगत माणसाच्या नावाने आपण इथे कुरखेड्यात जमलो आहोत. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने काहीतरी चालू ठेवावे, वर्षातून एकदा त्या नावाभोवती एकत्र यावे आणि त्याने हाती घेतलेले काम कुठवर आले याचा विचार करावा, ही माणसाची फार जुनी गरज आहे. कॅथलिक समाजाने या गरजेला रीतसर रूप दिले. त्यांचे चर्च असो, शाळा असो, दवाखाना असो की व्रतस्थ सिस्टरांचा संघ असो, त्याला बहुधा एखाद्या संताचे नाव असते. त्या संताला आश्रयदाता संत म्हणतात. त्याचा सण ठरलेला असतो आणि त्या दिवशी सगळा धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चचा समाज, एकत्र येतो. ही नावे येतात कुठून आणि ती धारण करणाऱ्यांकडून काय मागतात, यावर मी आज बोलणार आहे.

हा विषय कुरखेड्यात कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. आपल्या तालुक्यात ख्रिस्ती लोकवस्ती अगदी थोडी. पण घरातले माणूस अत्यवस्थ झाले की आपण ब्रह्मपुरीची वाट धरतो आणि तिथले ख्रिस्तानंद हॉस्पिटल आपल्याला ठाऊक असते. गडचिरोलीला मुलांना शिकवायचे म्हटले की कार्मेल शाळेचे नाव निघते. चंद्रपुरात माउंट कार्मेल आहे. बल्लारपूरला संत थॉमस यांच्या नावाचे कॅथेड्रल आहे आणि ते चांदा धर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे. आपला सगळा गडचिरोली जिल्हा याच धर्मप्रांतात येतो. म्हणजे ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत. त्यांच्यामागची माणसे मात्र आपल्याला अनोळखी राहिली. शेजाऱ्याच्या घरावरची पाटी रोज वाचायची आणि ती कोणाच्या नावाची हे कधीच विचारायचे नाही, हे काही शेजारधर्माला शोभत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. संताचे नाव घेणे म्हणजे त्याचे काम अंगावर घेणे. ते काम त्या नावाच्या आवारात चालू असेल तर नाव खरे ठरते, नसेल तर पाटी उरते. आज जे काही सांगणार आहे ते या एका विधानाच्या आधारासाठी.

प्रथम ही प्रथा सुरू कशी झाली ते पाहू. पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यात ख्रिस्ती माणसांचा वेळोवेळी छळ झाला. श्रद्धेसाठी ज्यांनी प्राण दिले त्यांना हुतात्मे मानले गेले. त्यांच्या मृत्यूच्या दिवशी लोक त्यांच्या कबरीपाशी जमत आणि प्रार्थना करत. पुढे चौथ्या शतकात छळ थांबला आणि त्याच कबरींवर मोठी चर्च उभी राहिली. रोममधले संत पेत्राचे चर्च अशाच कबरीच्या जागी बांधले गेले. ३८६ मध्ये मिलानचे बिशप अँब्रोज यांना गर्वासियुस आणि प्रोतासियुस या दोन हुतात्म्यांचे अवशेष सापडले. त्यांनी ते आपल्या नव्या चर्चच्या वेदीखाली ठेवले आणि हे दोघे या नगराचे आश्रयदाते आहेत, असे लोकांना सांगितले. रोमन समाजात गरिबाला कोर्टकचेरीत, अडीअडचणीत पाठीशी उभा राहणारा एखादा वजनदार माणूस लागे. आता गरिबाच्या पाठीशी सत्ताधारी नव्हे, तर ज्याचा सत्तेने जीव घेतला असा माणूस उभा आहे, असे अँब्रोज सांगत होते. नगराचे रक्षण तलवारीने होते असे मानणाऱ्या काळातले हे धाडसी बोलणे होते.

पुढे याचे नियम झाले. लॅटिन चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक चर्चला स्वतःचे नाव असले पाहिजे आणि एकदा समर्पणविधी झाला की ते बदलता येत नाही. फादर बदलतात, इमारत जुनी होते, नवी बांधतात, नाव तेच राहते. गावाला मिळालेले नाव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचे असते, म्हणून ते विचार करून द्यावे लागते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संत हा कॅथलिकांचा देव नाही. आराधना फक्त देवाची, संतांना फक्त आदर, हा भेद ७८७ च्या निकेया येथील दुसऱ्या धर्मसभेने स्पष्ट केला आणि सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेने तो पुन्हा मांडला. भाविक संताला सांगतो की, तू देवाच्या जवळ आहेस, माझ्यासाठी विनंती कर. संत हा अगोदर पलीकडे पोहोचलेला भाऊबंद आहे, अशी ती भावना.

आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला नावातून येणारे नाते समजावून सांगावे लागत नाही. आपल्या गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची विभागणी आहे. माणूस कोणत्या देवांचा हे कळले की त्याचे भाऊबंद कोण आणि सोयरीक कुठे जुळेल हे कळते. नावाबरोबर बंधने येतात आणि ती पाळली जातात. आश्रयदाता संत आणि कुळाचे पेन, म्हणजे कुळदेव, एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे दोन्ही परंपरांवर अन्याय होईल. कुळाचे नाते जन्माने येते. संताचे नाते समाज निवडून स्वीकारतो. बल्लारपूरच्या खाणकामगाराचे संत थॉमसशी रक्ताचे काही नाही. ज्या नात्याला रक्ताचा आधार नाही, ते फक्त वागण्यातून सिद्ध करावे लागते, आणि म्हणून संताचे नाव मिरवणे सोपे असले तरी निभावणे अवघड आहे.

आता आपल्या विदर्भात ही नावे कोणत्या वाटेने आली ते पाहू. पहिली वाट फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातून निघते. तिथे ॲनसी नावाचे गाव आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स हे जिनीव्हाचे बिशप, पण जिनीव्हा तेव्हा प्रोटेस्टंटांच्या हाती असल्यामुळे त्यांचे वास्तव्य ॲनसीला असे. त्यांचा जन्म १५६७ चा, मृत्यू १६२२ चा. तरुण वयात त्यांना शाब्ले नावाच्या डोंगराळ मुलखात पाठवले गेले. लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, कारण येणाऱ्याला शेजाऱ्यांची भीती. तेव्हा फ्रान्सिस यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून काढले आणि त्या पत्रिका घरोघरच्या दाराखालून आत सरकवल्या. त्यांच्या लिहिण्यात चढा सूर नव्हता. एका बहिऱ्या माणसाला धर्मशिक्षण देता यावे म्हणून त्यांनी त्याच्याशी खुणांच्या भाषेत बोलणे सुरू केले. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले.

याच ॲनसीत १८३८ मध्ये फादर पियेर मारी मेर्मिए यांनी एक मिशनरी संघ काढला आणि त्याला फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या संघाचे धर्मगुरू विशाखापट्टणम भागात उतरले आणि पुढे कामठी-नागपूरपर्यंत आले. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नागपूरच्या कॅथेड्रलला आणि पुढे महाविद्यालयालाही फ्रान्सिस डी सेल्स यांचेच नाव मिळाले. आपला जुना चांदा जिल्हा तेव्हा याच नागपूरच्या कक्षेत होता. ज्यांनी विरोधकाच्या दाराखालून कागद सरकवला, पण दार मोडले नाही, त्यांचे नाव आपल्या भागात सर्वांत आधी आले, याचा मला आनंद वाटतो. धर्माच्या नावाने चढ्या आवाजात बोलणे वाढत चाललेल्या काळात हे नाव धारण करणाऱ्या प्रत्येक संस्थेवर सौम्य बोलण्याची आणि नेमके लिहिण्याची जबाबदारी आहे.

दुसरी वाट केरळातून आली. ३१ मार्च १९६२ रोजी नागपूरच्या कक्षेतून चांद्याचा भाग वेगळा काढून तो केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवण्यात आला. हे काम कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट, म्हणजे सी.एम.आय. या संघाने स्वीकारले. या घटनेचे महत्त्व मोठे आहे. सिरो-मलबार चर्च हे भारतातले अतिप्राचीन ख्रिस्ती चर्च, पण केरळबाहेर स्वतंत्रपणे मिशनकार्य करण्याची मुभा त्याला दीर्घकाळ नव्हती. ती वाट चांद्यापासून खुली झाली. मग १९६८ मध्ये सागर, सतना आणि उज्जैन, १९७२ मध्ये आपल्या शेजारचे जगदलपूर अशी ही मालिका पुढे गेली. १९७७ मध्ये चांद्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सुरुवातीपासून जबाबदारी सांभाळणारे जानुआरियुस पालातुरुथी हे पहिले बिशप झाले. १९९० मध्ये विजय आनंद नेडुमपुरम आणि २०१४ मध्ये एफ्रेम नरिकुलम यांनी ती धुरा घेतली. १९९९ मध्ये आदिलाबाद वेगळा धर्मप्रांत झाला. भारतातल्या ख्रिस्ती इतिहासात चांद्याचे नाव अग्रभागी आहे, हे चांद्याच्याच माणसाला सहसा ठाऊक नसते.

केरळातून आलेल्या धर्मगुरूंबरोबर तीन नावे आली, थॉमस, योसेफ आणि कार्मेल माता. तिन्ही नावे समजून घेण्यासारखी आहेत.

संत थॉमस हे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. परंपरा सांगते की ते इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर कोडुंगल्लूरला उतरले आणि मद्रासजवळ मैलापूरला हुतात्मा झाले. केरळचे हे ख्रिस्ती स्वतःला थॉमसचे ख्रिस्ती म्हणवतात. इथे एका इमारतीनेच नव्हे, अख्ख्या समाजाने संताचे नाव घेतले आहे. ३ जुलैला त्यांचा सण असतो. बायबलमध्ये थॉमसची दोन चित्रे आहेत. गुरूवर संकट येणार हे दिसत असताना आपणही बरोबर जाऊ, मरण आले तरी चालेल, असे सोबत्यांना सांगणारा थॉमस पहिला. गुरू पुन्हा जिवंत झाल्याचे ऐकल्यावर, जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही, असे म्हणणारा दुसरा. लोक त्याला संशयी म्हणतात. मला त्या अटीत मोठा अर्थ दिसतो. जखमेला हात लावून मगच बोलणारी श्रद्धा आपल्या जिल्ह्याला हवी आहे. हिवताप, सिकलसेल, बाळंतपणात दगावणाऱ्या माता, पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकलेली गावे, या आपल्या जखमा आहेत. थॉमसचे नाव घेणाऱ्या चर्चला त्यांच्यापासून दूर राहता येणार नाही.

दुसरे नाव योसेफचे. सी.एम.आय. संघाची सुरुवात ११ मे १८३१ रोजी केरळातल्या मान्नानम येथे झाली आणि तिथल्या मठाला संत योसेफ यांचे नाव दिले गेले. पालक्कल थोमा आणि पोरुकरा थोमा या ज्येष्ठ धर्मगुरूंबरोबर कुरियाकोस एलियास चावरा हे तिसरे संस्थापक होते. १८०५ मध्ये जन्मलेले आणि १८७१ मध्ये वारलेले हे चावरा २०१४ मध्ये संत म्हणून घोषित झाले. त्यांनी १८४६ मध्ये मान्नानमला संस्कृत शाळा काढली. पुढे त्यांनी प्रत्येक चर्चबरोबर शाळा असलीच पाहिजे असा आग्रह धरला. गरीब मुलांना शाळेत जेवण मिळावे म्हणून घरोघरच्या बायकांनी रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायचा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. आपण धान पिकवणारी माणसे आहोत. मूठभर तांदळात किती बळ असते हे आपल्याला सांगावे लागत नाही. १८६९ मध्ये त्यांनी आपल्या जन्मगावी, कैनकरीला, निराधारांसाठी आणि मरणाच्या दारी असलेल्यांसाठी एक घर उघडले. ते चालवण्यासाठी जो बंधुसंघ उभा केला त्याला नाव दिले संत योसेफचे. येशू आणि मरिया जवळ असताना योसेफला मरण आले असे मानले जाते, म्हणून तो चांगल्या मरणाचा आश्रयदाता. ज्यांना मरताना पाणी पाजायला कोणी नाही, त्यांच्याजवळ बसणे म्हणजे योसेफचे नाव घेणे, हे चावरांनी करून दाखवले. नाव आणि काम यांचा जोड इतका घट्ट असू शकतो.

योसेफचे आणखी एक रूप आपल्या जवळचे आहे. तो सुतार होता. बायबलमध्ये त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो उठतो, काम करतो, कुटुंबाला संकटातून परदेशी नेतो आणि परत आणतो. १८७० मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता केले. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे, म्हणजे कामगार दिन, हा श्रमिक योसेफचा सण म्हणून जाहीर केला. आपल्याकडे १ मे हा महाराष्ट्र दिन, आणि याच सुमारास जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असतो. पहाटे उठून पाने तोडायची, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे, असा तो दिवस. त्या मजुरीचा हिशेब चोख व्हावा, बोनस वेळेवर मिळावा, बाईच्या कामाला पुरुषाइतकेच मोल असावे, हे योसेफच्या नावाच्या प्रत्येक चर्चचे काम आहे असे मी मानतो. मुंबई-पुण्याच्या चर्चमध्ये १ मे कसा साजरा होतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. इथे तो फळीवर साजरा झाला पाहिजे.

तिसरे नाव कार्मेलचे. कार्मेल हा आजच्या इस्राएलमधला डोंगर. तिथे राहणाऱ्या एकांतवासी साधकांमधून कार्मेल संघ जन्मला आणि त्यांनी मरियेला आपली माता मानले. १६ जुलै हा तिचा सण. डोंगरातल्या मौनातून निघालेले हे नाव आपल्या विदर्भात शाळांच्या गजबजाटात स्थिरावले आहे.

नावाच्या बाबतीत व्रतस्थ संघांचे दोन प्रकार दिसतात. काही संघांना संस्थापकाचे नाव मिळाले. असिसीचे फ्रान्सिस यांच्यावरून फ्रान्सिस्कन, संत डॉमिनिक यांच्यावरून डॉमिनिकन. दुसऱ्या प्रकारात संस्थापक स्वतःचे नाव बाजूला ठेवून एखाद्या जुन्या संताचे नाव घेतो. डॉन बॉस्को यांनी १८५९ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात संघ काढला, तो रस्त्यावरच्या मुलांसाठी. त्याला स्वतःचे नाव न देता त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्सिस डी सेल्स यांचे दिले, कारण बिथरलेल्या पोरांबरोबर काम करायचे तर त्या संताचा गोडवा हवा. १६५० मध्ये फ्रान्सच्या ल पुई गावात ज्या स्त्रिया एकत्र आल्या, त्यांनी योसेफचे नाव घेतले. मठाच्या भिंतीआड न राहता गावात मिसळून आजारी आणि पोरक्या माणसांची सेवा करायची, असे त्यांनी ठरवले होते. पुढे या संघाच्या शाखा भारतात आल्या आणि नागपूर परिसरातल्या पिढ्यांनी सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये अक्षरे गिरवली. दुसऱ्या प्रकारच्या नावात एक नम्रता आहे. मी सुरू करतो ते माझे नाही, कोणीतरी आधीच सुरू केलेले आहे, असे ते नाव सांगते.

काही जण विचारतील की ही सगळी नावे बाहेरून आली, फ्रान्समधून आली, केरळातून आली, मग ती आपली कशी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वसईत सापडते. वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक समाज आहे आणि तो मराठी समाज आहे. सांडोरला संत थॉमस, आगाशीला संत जेम्स, माणिकपूरला संत मायकल, नंदाखालला पवित्र आत्मा. एका चर्चचे पोर्तुगीज नाव होते रेमेदियुस माता. लोकांच्या तोंडी ते रमेदी झाले आणि परिसरही रमेदी म्हणून ओळखला जाऊ लागला. सणाच्या दिवशी पाहुणेरावळे येतात, मिरवणूक निघते, वाद्ये वाजतात, नऊ दिवसांची नोव्हेना आधी झालेली असते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण गावातली ही नावे गेली नाहीत, कारण तोवर ती सत्तेची राहिली नव्हती. ती शेतकऱ्याची, कोळ्याची, आजीच्या तोंडची झाली होती.

भाषेनेही यात हात दिला. गोव्यात सतराव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिले. त्याच्या मागोमाग फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुवा यांनी संत पेत्रावर मराठीत पुराण रचले आणि संत अंतोनीची जीवनकथाही मराठीत झाली. परदेशी संताला मराठी पुराणात स्थान मिळाले की तो मराठी घरात येतो. आपल्या झाडीबोलीत, गोंडीत, छत्तीसगढीत ही चरित्रे अजून यायची आहेत. दंडार आणि झाडीपट्टीची नाटके पाहून वाढलेल्या मुलुखात योसेफच्या किंवा थॉमसच्या जीवनावर रात्रभर रंगणारे नाटक उभे राहायला काहीच हरकत नाही.

वसईने आणखी एक गोष्ट दिली. भारतात जन्मलेला पहिला संत वसईचा. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. ते लहानपणी जेझुइटांबरोबर जपानला गेले, जपानी भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. धर्मगुरू म्हणून त्यांना दीक्षा नव्हती. भाषा येत होती म्हणून ते दुभाष्याचे काम करत आणि रोग्यांची सेवा करत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर खिळून मारले, त्यात ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, म्हणजे मृत्यूनंतर दोनशे पासष्ट वर्षांनी. आज वसईत गास गावच्या चर्चला आणि वसईच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. बाहेरून नाव घेतलेल्या भूमीने जगाला नाव परत दिले. नाव निष्ठेने निभावणाऱ्या समाजातून एखाद्या दिवशी नवे नाव जन्माला येते.

अशी गोष्ट आपल्या काळातही घडली आहे. ती मी थोडी सविस्तर सांगतो. केरळात फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट नावाचा सिस्टरांचा संघ आहे. असिसीचे फ्रान्सिस आणि संत क्लारा अशी दोन नावे तो धारण करतो. दोघांनी श्रीमंत घर सोडून गरिबी पत्करली होती. २००८ मध्ये संतपद मिळालेल्या अल्फोन्सा याच संघाच्या. याच संघाच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करत. तिथले आदिवासी शेतमजूर सावकारी कर्जात पिढ्यान्‌पिढ्या बुडालेले होते. सिस्टरांनी त्यांना सरकारी योजना समजावल्या, बँकेचे कर्ज मिळवून दिले, बचतीची सवय लावली, हक्क काय असतात ते सांगितले. ज्यांचे व्याज बुडाले ते चिडले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांसमक्ष, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांचा खून केला. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतर जे झाले ते तितकेच महत्त्वाचे. त्यांची धाकटी बहीण, तीही याच संघातली सिस्टर, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला भेटली आणि त्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली. तो सुटल्यावर केरळात जाऊन त्यांच्या आईच्या पाया पडला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाआधीच्या पायरीवरच्या, म्हणून घोषित केले गेले, तेव्हा तोही तिथे होता. फ्रान्सिसने लुटारूंनाही भाऊ म्हणावे असे शिकवले होते. आठशे वर्षांनंतर मध्य भारतातल्या एका खेड्यात त्याच्या नावाच्या दोन सिस्टरांनी ते खरे केले, एकीने जीव देऊन आणि दुसरीने राखी बांधून. सावकारी, भूमिहीनता, जंगलातला आदिवासी ही तिथली परिस्थिती आपल्याला परकी नाही. म्हणून ही गोष्ट मी कुरखेड्यात सांगतो आहे.

असिसीच्या फ्रान्सिसचे नाव आपल्याला आणखी एका कारणाने जवळचे आहे. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. २०१३ मध्ये निवडून आलेल्या पोपनी प्रथमच फ्रान्सिस हे नाव घेतले आणि २०१५ मध्ये पृथ्वीच्या सांभाळावर विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी पृथ्वीची हाक आणि गरिबाची हाक एकच आहे असे मांडले. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने आधीच जगून दाखवली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने वर्षानुवर्षे जंगल राखले आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. त्या ग्रामसभेने कोणा संताचे नाव घेतले नव्हते. फ्रान्सिसचे नाव घेणाऱ्यांनी मात्र अशा ग्रामसभांकडे शिकायला गेले पाहिजे. महाराष्ट्रात याला उदाहरण आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, हे मराठीचे मोठे लेखक होते आणि वसईचे हिरवेपण वाचवण्याच्या लढ्यात लोकांबरोबर रस्त्यावरही होते. २०२४ मध्ये ते गेले. आपल्या नावाच्या संताशी त्यांनी इमान राखले.

शेवटी दोन मागण्या करतो.

पहिली मागणी चर्च आणि संस्थांच्या जबाबदार मंडळींकडे. सणाचा दिवस हा हिशेबाचाही दिवस करा. मिस्सा होऊ द्या, जेवण होऊ द्या, मिरवणूक निघू द्या. त्याच दिवशी गावासमोर सांगा की या संताच्या नावाने वर्षभरात काय केले. योसेफच्या नावाची संस्था असेल तर तुमच्याकडे काम करणाऱ्या मजुराला, स्वयंपाकिणीला, चौकीदाराला पूर्ण मजुरी मिळते का? थॉमसच्या नावाचे चर्च असेल तर कोणत्या जखमेला हात लावला? चावरांचा वारसा सांगत असाल तर फी न भरू शकणाऱ्या मुलाचे शिक्षण थांबले तर नाही ना? आणि प्रत्येक धर्मग्रामाने आपला इतिहास मराठीत लिहून काढावा. हे नाव कोणी दिले, का दिले, पहिली माणसे कोण होती, कोणत्या सिस्टरने पावसाळ्यात नाला ओलांडून बाळंतपण केले. साठ वर्षांपूर्वी आलेल्या पिढीतली माणसे आता थकली आहेत. त्यांच्याबरोबर ही माहिती गेली तर पुढच्या पिढीजवळ पाटी राहील, पण तिचा अर्थ सांगणारा कोणी राहणार नाही.

दुसरी मागणी आपल्या सर्वांकडे, जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्याकडे. लिझ्यूची संत तेरेजा चोविसाव्या वर्षी मठातच वारली. मठाबाहेर जाऊन तिने कधी मिशनचे काम केले नाही. तरीही १९२७ मध्ये, जग पालथे घालणाऱ्या फ्रान्सिस झेवियरबरोबर, तिला मिशनकार्याची आश्रयदाती केले गेले, कारण दूरच्या माणसाची काळजी एका जागी बसूनही घेता येते असे चर्चने मानले. आपल्यालाही धर्म न बदलता, घर न सोडता, शेजाऱ्याच्या नावांचा अर्थ जाणून घेता येईल. संशयाने विचारू नका, कुतूहलाने विचारा. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात, गडचिरोलीच्या शाळेत, बल्लारपूरच्या कॅथेड्रलमध्ये विचारा की, हे नाव कोणाचे आणि तो काय करत होता. आणि उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न विचारायला संकोच करू नका की, ते काम इथे चालू आहे का. तो विचारण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहे. ज्या संस्थेने संताचे नाव घेतले तिने या प्रश्नाचे स्वागत केले पाहिजे, आणि आपणही आपापल्या संतांच्या, महापुरुषांच्या, कुळांच्या नावाने जे काही चालवतो त्याला तोच प्रश्न लावला पाहिजे. तुकोबांच्या नावाची शाळा, सावित्रीबाईंच्या नावाचे वसतिगृह, बिरसा मुंडांच्या नावाचा चौक, यांपैकी कोणीही या कसोटीतून सुटत नाही. नावे देण्यात आपण कधी मागे पडलो नाही. आता ती निभावण्यात पुढे जाऊ.